शेडमास्तरांचा जांभळा

आमच्या घरात रंगाबद्दल बोलायचा हक्क एकाच माणसाला होता. बाकीच्यांनी फार तर "छान आहे" म्हणायचं, आणि तेही विचारलं तर.

माझा नवरा रंगाच्या दुकानात शेड जुळवायचं काम करतो. करतो म्हणजे, करायचा. गिऱ्हाईक भिंतीचा निघालेला पोपडा, जुन्या दाराची ढलपी, काहीही कागदात गुंडाळून आणायचं आणि म्हणायचं, "अगदी हाच पाहिजे." तो तुकडा दुकानाच्या दारात उजेडात धरून हे एकदाच बघायचे, आणि आत जाऊन पांढऱ्या डब्यात दोन थेंब काळा, चमचाभर पिवळा, कणभर लाल असं करत ढवळायला लागायचे. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका लावून तो तुकड्याशेजारी धरायचे. ते नख मी कधी कोरं पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही ते हिरवट आहे. पुढे दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं, तरी मशीनमधून निघालेला डबा मालक आधी ह्यांच्या नखाला दाखवायचे आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. शेडमास्तर हे नाव तिथेच पडलं. मीही ते उचललं. आधी चिडवायला, नंतर सवयीने.

मी घरी कपडे दुरुस्तीची कामं घेते. चेन बदलणं, कंबर आत घेणं, उंची कमी करणं. दोऱ्याचं रीळ मात्र मास्तरांनी निवडायचं, असा नियम होता. संध्याकाळी मी कपडे काढून ठेवायचे आणि ते डब्यातलं एकेक रीळ कापडावर ठेवून बघायचे. शिवण कुठे आहे ते गिऱ्हाइकाला शोधून सापडायचं नाही. माझं नाव झालं ते अर्धं त्यांच्या डोळ्यांमुळे, हे मी कबूल करते. त्यांच्यासमोर कधी केलं नाही. आधीच हवेत असलेल्या माणसाला आणखी वर कशाला चढवा!

इतरांकडे जिथे टीव्ही असतो तिथे आमच्याकडे चार फुटी काचेचा टँक आहे. त्यात खारं पाणी आणि पाण्यात प्रवाळ. पहिल्यांदा येणारा माणूस विचारतो, मासे कुठे आहेत? मासे दोनच, तेही नावाला. मास्तरांचा जीव प्रवाळात. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो असतो प्राणी, अंगभर हजारो बारीक तोंडं असलेला. त्याचं अर्धं पोट वरच्या दिव्याच्या उजेडावर भरतं, उरलेलं आपण भरायचं. बुधवारी आणि शनिवारी सकाळी मास्तर पंप बंद करायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचे, गोठवलेलं खाणं टँकच्याच पाण्यात वाटीत विरघळवायचे आणि लांब ड्रॉपरने एकेका फांदीवर हलकेच सोडायचे. हळूहळू ती तोंडं उघडायची. त्या पंधरा मिनिटांत घरात शिंकायचीसुद्धा चोरी. एकदा मी मिक्सर लावला, तर बाहेरून आवाज आला, "अगं, जेवतायत ना ते!" लेक लहान असताना तिच्या जेवणाची एवढी काळजी ह्या माणसाने केल्याचं मला आठवत नाही.

त्यातही लाडका तो जांभळा. टँकच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला आम्ही टँकवालाच म्हणतो. त्याच्याकडून नऊ वर्षांपूर्वी नखाएवढी काडी आणली होती. ती वाढत वाढत जेवणाच्या ताटाएवढी झाली, फांद्याच फांद्या, आणि टोकांना निळसर झाक. असला जांभळा डब्यात येणं शक्य नाही, असं मास्तर म्हणायचे. मग एका वर्षी इरेला पेटले, सतरा वेळा मिसळून शेवटी तो जुळवलाच, आणि झोपायच्या खोलीची एक भिंत त्या रंगाने रंगवून टाकली. मला न विचारता. मी आठवडाभर बोलले नाही. पण खरं सांगायचं तर त्या रंगाचा पुठ्ठा टँकच्या मागे धरला, की प्रवाळ कुठे संपतं आणि पुठ्ठा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही.

टँकवाल्या लोकांत एक रीत आहे. आपलं प्रवाळ चांगलं वाढलं, की त्याची एक फांदी तोडून दुसऱ्याच्या टँकमध्ये लावायला द्यायची. उद्या आपलं मेलं तर त्याच्याकडून काडी परत मिळते. टँकवाल्याने किती वेळा मागितली. "मास्तर, एक काडी द्या, तुमचीच राहील." मास्तर म्हणायचे, "तुझ्याकडे हा रंग टिकायचा नाही." लेकीने तिच्या घरी छोटा टँक मांडला, तिनेही फोनवर मागितली. तिलाही तेच उत्तर. "पाण्याचं तुला अजून जमत नाही. तपकिरी करून ठेवशील." ती हसली, पण पुन्हा तिने टँकचा विषय काढला नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ह्या गोष्टीत अशी 'तेव्हाच' बरीच आहेत.

गेल्या वर्षी एका बुधवारी, ड्रॉपर हातात धरून मास्तर म्हणाले, "तपकिरी मारतोय."

मी शिलाई मशीनवरून मान वर केली. "काय?"

"जांभळा. आत तपकिरी शिरलाय. खाणं जास्त होतंय."

मी उठून काचेला नाक लावलं. प्रवाळ होतं तसंच होतं. "अहो, मला तर जांभळाच दिसतोय."

"अगं, तुला रंगातलं काय कळतं?" हे ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते प्रेमाने म्हणाले.

लोकांनी वर्षानुवर्षं ज्याच्या नखावर भरवसा ठेवून घरं रंगवली, त्याला मी, चेन बदलणारी बाई, काय सांगणार? मी परत मशीनवर बसले.

खाणं जास्त झालं, त्याचा अंश पाण्यात साठला, की प्रवाळ तपकिरी होतं हे खरंच आहे. टँकवालाही तेच सांगतो. त्यामुळे मास्तर जे करत होते ते चूक आहे असं कुणी म्हटलं नसतं. बुधवारचं जेवण बंद झालं. मग शनिवारचं अर्ध्यावर आलं. मग टँकच्या मागच्या कप्प्यात काळ्या दाण्यांची पिशवी आली, पाण्यात उरलंसुरलं सगळं शोषून घेणारी. रविवारी तपासणी. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी निळं होतं, आणि सोबतच्या कार्डावर फिक्यापासून गडदपर्यंत निळे चौकोन असतात त्यांतल्या कुठल्याशी ते जुळतं ते बघायचं. निळा जितका गडद तितका पाण्यात अंश जास्त. म्हणजे रंगच जुळवायचा, मग ते काम दुसऱ्या कुणी करायचा प्रश्नच नव्हता. मास्तर नळी खिडकीशी धरायचे, कार्डावर सरकवायचे आणि दोन चौकोनांमध्ये अडायचे. पूर्वी ते कधी अडत नसत. मग गडद चौकोनावर बोट ठेवायचे. "सावध असलेलं बरं." आणि पिशवीत आणखी मूठभर दाणे पडायचे.

त्याच दिवसांत गडद निळ्या पँटवर त्यांनी मला करडं रीळ काढून दिलं. मला वाटलं, गडबडीत होतं असं. पुढच्या आठवड्यात परत. मी ते रीळ मुकाट्याने डब्यात टाकलं आणि निळं घेतलं. एकदा तर शिवून झाल्यावर लक्षात आलं, तेव्हा ते कामावर गेल्यावर सगळी शिवण उसवून परत घातली. गिऱ्हाइकाला कळलं नाही, त्यांना कळलं नाही, आणि मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

मोज्यांचीही तीच गत. एका पायात काळा, एका पायात निळा. मी हसले तर म्हणाले, "दोन्ही काळे आहेत. तू चष्मा बदल." आणि मी, मूर्ख बाई, खरंच जाऊन डोळे तपासून आले! माझा नंबर होता तिथेच होता. एक दिवस झोपायच्या खोलीत पडल्यापडल्या म्हणाले, "भिंतीचा रंगसुद्धा उडाला बघ. उन्हाने खाल्ला." त्या भिंतीवर कधी ऊन येत नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, अगदी हाताशी होतं, आणि मला ते एकत्र बांधता आलं नाही. की बांधायचं नव्हतं, कोण जाणे.

दोनतीन महिन्यांत प्रवाळ फिकं पडायला लागलं. आधी टोकं, मग फांद्या. शेवटी जांभळ्याची नुसती आठवण राहिली, दुधात थेंबभर शाई पडल्यासारखी. मास्तर मात्र खूश. "बघ, तपकिरी उतरतोय. आता रंगावर येईल." आणि त्यांनी दिवा आणखी वाढवला.

मी फोनवर फोटो काढून टँकवाल्याच्या दुकानात गेले. त्याने फोटो मोठा करून बघितला.

"वहिनी, हा उपाशी मरतोय. पाण्यात काही ठेवलंच नाही मास्तरांनी."

"मग काय करू?"

"खायला घाला. थोडं थोडं. दाणे कमी करा, दिवा खाली आणा."

"ते ऐकायचे नाहीत."

"मग तुम्ही घाला."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दुकानात गेले की मी पंप बंद करायचे. वाटी, ड्रॉपर, सगळं त्यांच्यासारखं. नवऱ्याला फसवून मी कधी सिनेमासुद्धा पाहिला नव्हता, आणि आता चोरून एका मुक्या जिवाला जेवू घालत होते. अर्धं खाणं बाजूला सांडायचं. पाचव्या दिवशी बुडाजवळच्या एका फांदीवर चारदोन तोंडं उघडली. मी एकटीच टाळ्या वाजवायला लागले.

रविवारी नळीतलं पाणी निळं झालं. त्यांनी ते खिडकीशी धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वाढलं? उपाशी ठेवूनसुद्धा वाढलं कसं?"

मी तिथेच उभी होते, हातात रीळ. मी बोलू शकले असते. ते पिशवी घेऊन आले आणि दाणे दुप्पट केले. आठवडाभर मी जे घातलं ते एका दिवसात शोषलं गेलं. पुढच्या रविवारी परत तसंच. टँकवाला म्हणाला, "वहिनी, असं वरखाली झालं तर त्याहून वाईट. एक काहीतरी करा." एक काहीतरी म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येईना. मी खाणं बंद केलं. माझ्यामुळे ते लवकर गेलं का, हे मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, "तसं सांगता येत नाही." ह्याचा अर्थ मला समजतो.

टँकवाला एकदा स्वतः घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी धीर करून म्हणाला, "मास्तर, मला तो पांढरा पडलेला वाटतो."

"पांढरा?" मास्तर हसले. "अरे, पांढऱ्याचे अकरा प्रकार मी डबा न उघडता सांगतो. हा पांढरा नाही, हा मलईवर आहे. अजून पंधरा दिवस थांब, जांभळा कसा उसळतो बघ."

टँकवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी कपबश्या उचलल्या.

मग एका संध्याकाळी दुकानाचे मालकच दारात. इतक्या वर्षांत ते फक्त लेकीच्या लग्नाला आले होते. बसले, पाणी प्यायले, आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. फिक्या निळ्या भिंतीचा पोपडा आणि त्याच्याशेजारी मास्तरांनी जुळवलेल्या रंगाची पट्टी. पट्टी ढळढळीत वेगळी होती. मलाही दिसलं, म्हणजे बघा.

"मास्तर, तिसरं गिऱ्हाईक आहे," मालक हळू आवाजात म्हणाले. "तुमचा हात नाही हा. एकदा डोळे दाखवून घ्या."

मास्तर दोन्ही तुकडे घेऊन खिडकीशी गेले. खूप वेळ उभे राहिले. त्यांना ते दोन्ही सारखेच दिसत असणार. पाठमोऱ्या माणसाची इतकी दया मला कधी आली नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. "काका, हा हळूहळू येतो, म्हणून माणसाला कळत नाही. पिवळी काच लावून बघितल्यासारखं होतं. निळा आणि जांभळा आधी जातात." आधी उजवा डोळा करायचा ठरला, तीन आठवड्यांनी. नंतर डावा.

परत येताना ते म्हणाले, "बरं झालं. आता जांभळा रंगावर यायला आणि माझा डोळा व्हायला एकच गाठ पडेल."

शब्द माझ्या ओठावर आला होता. निळा आणि जांभळा आधी जातात, हे बाई आत्ता म्हणाल्या ना? पण ऑपरेशनच नको म्हणून बसले तर? आणि खरं कारण वेगळंच होतं. हे कळल्यावरचं त्यांचं तोंड मला बघायचं नव्हतं. घरी गेल्याबरोबर मी दाण्यांची पिशवी काढून फेकून दिली. तोवर टोकांवरचं कातडं सुटून पाण्यात तरंगायला लागलं होतं. तीन आठवड्यांत उरलेलंही गेलं. ते रोज त्याच्यासमोर बसायचे आणि समाधानाने मान हलवायचे. मला राग यायचा. त्यांचा, माझा, त्या निळ्या चौकोनांच्या कार्डाचा.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून काळा चष्मा दिला आणि आम्ही घरी आलो. निघण्याआधी मी टँकच्या दिव्याची पिन काढून ठेवली होती. "दिवा बिघडलाय," मी म्हटलं. "टँकवाला येणार आहे." ते म्हणाले, "बरं, मी जरा पडतो," आणि झोपायच्या खोलीत गेले.

एका मिनिटात हाक आली. "अगं! अगं, इकडे ये!"

चष्मा कपाळावर चढवून ते भिंतीसमोर उभे होते. "निळा बघ! ह्यात किती निळा आहे! मीच घातला होता, आणि विसरलो!" त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला. "ह्याने मातकट." मग डावा झाकला. "ह्याने जांभळा!" परत. परत. माझा स्वेटर, खिडकीचा पडदा, बादली, सगळ्यांपुढे तेच. ते हसत होते आणि मीही हसायला लागले, काय करणार, ते हसणं तसंच होतं.

मग त्यांचा हात मध्येच थांबला. ते भिंतीकडे बघत राहिले.

"म्हणजे भिंत उडाली नव्हती," ते म्हणाले.

मी पडदा सारखा करायला लागले.

"मग तोही..."

ते बाहेर गेले. मी मागून म्हणत होते, "अहो, दिवा बिघडलाय." ते वाकले, पिन उचलली आणि स्वतःच्या हाताने लावली.

मी टँककडे बघितलं नाही. त्यांच्याकडेही नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. सकाळी मोजे मीच त्यांच्या पायांत घातले होते, दोन्ही काळे.

"कधीपासून?"

"पांढरा पडून दोन महिने झाले."

"तुला दिसत होतं?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"पहिल्याच दिवशी बोलले होते. मला जांभळाच दिसतोय, म्हटलं होतं."

ते स्टुलावर बसले. "एकदाच बोललीस," ते म्हणाले. "परत बोलायचं होतंस गं."

मग मी सगळंच सांगितलं. दोऱ्याची रिळं, उसवलेली शिवण, चोरून घातलेलं खाणं, टँकवाल्याला दाखवलेला फोटो. आता सांगून काय उपयोग होता! पण तोंड थांबेना. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. "बाबा, आता छान दिसतं ना?" तिने विचारलं. "दिसतं," ते म्हणाले. "तुझ्याकडे जांभळा आहे का गं? कुठूनही आणलेला?" ती म्हणाली, "नाही बाबा. तुमच्यासारखा मिळाला नाही, म्हणून दुसरा लावलाच नाही." टँकवाल्याकडेही नव्हता. ज्या प्रवाळाची ती काडी होती ते कधीच गेलं होतं. तोडून दिलेली एक फांदी कुठेतरी जगत असती, तर ती आज मागून आणता आली असती. हे मी मनात म्हटलं. हे आता बोलण्यासारखं नव्हतं.

मालकांचा निरोप आला, आता या, मशीन आहे पण मन लागत नाही. मास्तर गेले नाहीत. डाव्या अंगठ्याचं नख कोरं आहे. त्यावर एक पांढरी रेघ आहे, ती मला माहीतच नव्हती. दुसऱ्या डोळ्याची तारीख दोनदा आली आणि गेली. दवाखान्यातून फोन आला की ते हाताने खूण करतात, नंतर बघू.

टँक चालू आहे. त्यात काही हिरवी, जाडजूड प्रवाळं उरली आहेत, ती कशालाच दाद देत नाहीत. त्यांना बुधवारी आणि शनिवारी खायला मी घालते. मेलेला तसाच मध्यभागी आहे, काढू देत नाहीत.

काल शनिवार होता. मी पंप बंद केला, वाटीत खाणं विरघळवलं. मास्तर स्टुलावर बसले होते. उजवा डोळा त्यांनी तळहाताने घट्ट झाकला होता आणि डाव्या डोळ्याने टँकमध्ये बघत होते. पंधरा मिनिटं ते हलले नाहीत.

"अगं," ते म्हणाले, "ह्या डोळ्याने बघितलं की अजून थोडा रंग वाटतो."

मी बघितलं. पांढरा होता.

"असेल," मी म्हटलं, आणि पंप चालू केला.